आडोशाचा पट्टा

साहेबांना नकाशे आवडत नसत. नगररचना खात्यात सगळी नोकरी काढलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करते आहे. पण खरंच आवडत नसत. टेबलावर नकाशा उलगडला की साहेब चष्मा कपाळावर ढकलत, दोन बोटांनी डोळे चोळत आणि कंटाळून विचारत, "ठीक आहे. पण बसून पाहिलंत का?"

बसून पाहायचं ते नदीकाठी. तेही ज्या काठाची फाइल असेल त्याच्या समोरच्या काठावर. त्यासाठी त्यांच्याकडे कॅनव्हासची एक घडीची खुर्ची होती. ती जीपच्या मागे कायम पडलेली असे. ज्या दिवशी जीप मिळत नसे त्या दिवशी ते ती स्कूटरला बांधून निघत. साहेब खुर्ची मांडायचे, चपला काढून बाजूला ठेवायचे, खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढायचे आणि बघत बसायचे. अर्धा तास, कधी तास. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं की साहेब विचार करत असावेत. नंतर कळलं की ते नुसतेच बघत असत. टरफलं काठावर टाकायची नाहीत म्हणून शर्टाच्या खिशात ठेवायचे. त्यांच्या पत्नी मला एकदाच भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या साहेबांचे कपडे भिजवायच्या आधी झाडावे लागतात हो."

मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी मला "मॅडम" म्हणायला सुरुवात केली. मी तेव्हा खात्यात सगळ्यांत लहान, शिपायानेसुद्धा मला "ए ताई" म्हणून हाक मारली होती. साहेब मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मॅडम आणि तुम्ही. नदीला ते "बाई" म्हणत. गोदामाई नाही, गंगा नाही. शाळेत शिकवायला बाई असतात तशा ह्या बाई. "आज बाईंकडे जाऊन येऊ." "बाई थकलेल्या दिसतात." देवळात मी त्यांना कधी पाहिलं नाही, रामकुंडावर तर ते फिरकतही नसत. पण काठावरून उठताना चपला हातात धरून चार पावलं मागे चालत आणि मगच पायात घालत. ह्यावर ऑफिसात पुष्कळ चेष्टा होई. साहेबांच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे, एवढंच.

ते भांडखोर नव्हते. असते तर कदाचित अधिक काही झालं असतं. वरिष्ठांसमोर त्यांचा आवाज निघत नसे आणि निघाला तर भलत्याच वेळी. एकदा मुंबईहून सल्लागार कंपनीची मंडळी आली होती. पडद्यावर त्यांनी नदीकाठचं चित्र दाखवलं. फरसबंदी रस्ता, बाकं, फुगे घेतलेली गोरीगोमटी मुलं, निळंशार पाणी. सगळे माना डोलवत होते. चहा आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "ह्यात पावसाळा कुठे आहे?" त्या कंपनीच्या मुलाला प्रश्न कळेना. तो म्हणाला, "सर, धिस इज जस्ट अ प्रेझेंटेशन." साहेब म्हणाले, "हो ना. बाईंचंही दर वर्षी असतं. मारुतीच्या कमरेपर्यंत." काठावरच्या मारुतीला कुठवर पाणी लागलं त्यावरून पूर मोजणारी नाशिकची माणसं हसली, मुंबईची हसली नाहीत आणि पुढल्या बैठकीला साहेबांना बोलावणं आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं असं दिसलं नाही. ते त्या दिवशीही खुर्ची घेऊन काठावर गेले.

शहराच्या वरच्या अंगाला, धरणाकडे जाताना, तेव्हा नदीचे दोन्ही काठ अजून भरलेले होते. करंज, जांभूळ, उंबर, मध्येच एखादा जुना आंबा. समोरून पाहिलं की आधी पाणी, मग हिरवी भिंत, तिच्यावर लांब डोंगराची कड. मागे मळे होते, वस्त्या होत्या, पण दिसत नसत. साहेब ह्याला आडोसा म्हणत. "माणसं राहू देत की मागे. कोण नको म्हणतंय? फक्त बाईंच्या अंगावर येऊ नका. आडोशाने राहा."

हा आडोसा तपासायची त्यांची रीत सगळ्या खात्यात प्रसिद्ध होती. नदीलगत कोणी बांधायची परवानगी मागितली की साहेब अर्जदाराला सांगत, "तुमच्या इमारतीएवढा उंच बांबू आणा. टोकाला लाल कापड बांधा." मग जागेवर दोन माणसांनी तो बांबू उभा धरायचा आणि साहेब, मी आणि अर्जदार समोरच्या काठावर. कापड झाडांच्या वर दिसलं तर मजला कमी. नाही दिसलं तर सही. नियमात असं काहीही नव्हतं. पण अर्जदारालाही स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं, त्यामुळे पुष्कळजण निमूट मजला कमी करून आणत. जे वर जाऊन तक्रार करत त्यांचं काम वरून होऊन येई. साहेब त्या फायलीवर सही करताना पेन मुद्दाम हळू चालवत. त्यांचा राग एवढाच असायचा.

एकदा असाच एकजण आला. शहरातलाच, पस्तिशीचा, अतिशय मृदू बोलणारा. त्याला नदीकाठी रिसॉर्ट काढायचं होतं. तेव्हा द्राक्षाच्या वाइनचं नवीन नवीन वारं होतं, शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रांग लागायची. बांबू उभा राहिला. लाल कापड करंजाच्या शेंड्यावर हातभर डोलत होतं.

"दिसतंय," साहेब म्हणाले.

"साहेब, एवढंसं तर दिसतंय. कापडच आहे."

"आज कापड आहे. उद्या पाण्याची टाकी असेल. तुम्ही लोक गच्चीपर्यंत मोजता. टाकी कोणी मोजत नाही."

काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. त्या माणसाने वाद घातला नाही. साहेबांकडे शेंगा मागितल्या, शेजारी दगडावर बसून खाल्ल्या, आणि निघताना म्हणाला, "इथून खरंच फार छान दिसतं, साहेब. मला कधी सुचलंच नव्हतं इथून बघायचं." साहेब खूश झाले. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "बघितलंत मॅडम? माणसाला बसवलं की कळतं." कळलं होतं खरं. त्याला साहेबांपेक्षा जास्त कळलं होतं, हे आम्हांला पुढे उमगलं.

नवीन विकास आराखडा करायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा साहेबांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आराखडा म्हणजे कुठल्या जमिनीवर काय होऊ शकतं आणि काय नाही ते ठरवायचं: इथे घरं, इथे शाळा, इथे शेतीच. एकदा मंजूर झाला की वीस-वीस वर्षं लोकांची नशिबं त्यावर चालतात. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट अंगावर घेतली. नदीच्या वरच्या अंगासाठी त्यांनी एक स्वतंत्र नियम लिहिला. ज्या जमिनीत काठाला झाडीचा आडोसा आहे, तिथे बांधकाम नाही. जिथे आडोसा उरलेला नाही, तिथे अटी घालून परवानगी. त्यामागे त्यांची टिपणी होती. सरकारी टिपणीत कोणी लिहीत नाही अशा भाषेत लिहिलेली. ती टाइप करताना ऑफिसातल्या टायपिस्टने विचारलं होतं, हे असंच ठेवायचं का म्हणून. मी म्हटलं, असंच ठेवा.

हा पट्टा नकाशावर कसा दाखवायचा, हा प्रश्न आला. मी सुचवलं की उपग्रहाची छायाचित्रं आहेत, त्यांवरून झाडी आखून टाकू, एका आठवड्यात होईल. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "वरून काय दिसतं मॅडम? वरून भेंडीचा मळासुद्धा हिरवाच दिसतो. आडोसा समोरून असतो." त्यांनी नियमात वाक्य घातलं: झाडीची हद्द अंतिम मंजुरीपूर्वी समोरच्या काठावरून प्रत्यक्ष पाहणी करून निश्चित केली जाईल.

मला ते वाक्य तेव्हा सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. लोकांनी वाचावा, हरकती घ्याव्यात, म्हणून तो भिंतींवर लागला, पेपरात आला. नदीकाठच्या गावांनी तो वाचला. एरवी कोणी वाचत नाही, पण ह्या वेळी कोणीतरी बसून नीट समजावून दिला असावा. झाडं असतील तर जमीन गेली. झाडं नसतील तर सोनं. आणि झाडं आहेत की नाहीत ते साहेब पुढे कधीतरी येऊन बघणार.

आम्ही पाहणीला गेलो तेव्हा डिसेंबर होता. साहेबांनी नेहमीसारखी खुर्ची मांडली, चपला काढल्या. आणि उभेच राहिले. समोर हिरवी भिंत नव्हती. एका मळ्याला होती, दुसऱ्याला नव्हती, मग बरंच अंतर नुसतं आभाळ, पांढरे बुंधे, मध्ये एखादं वाळलेलं झाड. काहींनी सरळ करवत लावली होती. काही धोरणी होते. त्यांनी बुंध्याची साल गोल सोलून ठेवली होती, म्हणजे झाड आपलं आपण मरतं आणि तोडल्याचा आळ येत नाही. मळे, वस्त्या, पंप, काळ्या टाक्या, सगळं उघडं पडलं होतं. करवतीचा आवाज त्या क्षणीही कुठूनतरी येत होता.

मला वाटलं साहेब ओरडतील. पोलिसांना, वनखात्याला फोन करा म्हणतील. त्यांनी खुर्चीची पुन्हा घडी केली. मग म्हणाले, "मॅडम, मी काय लिहिलं कळलं का तुम्हाला? ज्याने झाड राखलं त्याला शिक्षा, असं लिहिलं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. "आणि वर सांगून ठेवलं, अमुक महिन्यात येतो बघायला. घाई करा."

त्या दिवशी शेंगांची पुडी खिशातून निघाली नाही.

त्या सगळ्या उघड्या काठात एका ठिकाणी मात्र झाडी जशीच्या तशी होती. दोन मोठे आंबे, जांभळांची रांग, खाली उंबर पाण्यात मुळं सोडून. साहेब पुलावरून फिरून तिकडे गेले, मी मागे. जमीन हिराबाईंची होती. त्या तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या असतील. नवरा वारलेला, दोन मुलं, मेथी-कोथिंबीर-शेपू लावायच्या आणि स्वतः डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसायच्या. आम्ही गेलो तेव्हा त्या जुड्या बांधत होत्या. साहेबांनी विचारलं, झाडं का नाही तोडली?

"तोडनार व्हते," हिराबाई म्हणाल्या. "मानूस सांगून ठेवलाय. त्याला पुढच्या हप्त्याची तारीख हाय, शेजारी चालू हाय ना त्याचं."

साहेब त्या बांधावर खाली बसले. खुर्ची नव्हती, तसेच मातीत. आणि त्यांनी जे कोणत्याही अधिकाऱ्याने कधी करू नये ते केलं. शब्द दिला. म्हणाले, "तोडू नका. ह्या झाडांचा मोबदला मी तुम्हाला मिळवून देतो. शासनाकडून. मी बघतो."

हिराबाईंनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. मग मुलाला हाक मारून सांगितलं, "त्या करवतवाल्याला सांग, नको येऊ म्हनावं."

एवढंच झालं. कागद नाही, सही नाही. आराखडा मंजूर झाला. ज्यांनी झाडं तोडली त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. हिराबाईंची जमीन त्या सगळ्या लांबलचक काठावर आडोशाच्या पट्ट्यात आलेली जवळजवळ एकटी जमीन. आता तिथे बांधता येणार नव्हतं, झाडंही तोडता येणार नव्हती. साहेबांनी मोबदल्याचे प्रस्ताव पाठवले. एक परत आला, तरतूद नाही म्हणून. दुसरा परत आला, पहिल्याचा संदर्भ द्या म्हणून. तिसरा आलाच नाही. दरम्यान साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल आणि नदीचं एक मोठं फ्रेम केलेलं छायाचित्र दिलं. विमानातून काढलेलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आभार मानले.

त्यांच्या खुर्चीवर कालांतराने मी बसले. खुर्ची म्हणजे ऑफिसातली. दुसरी ते घरी घेऊन गेले. त्यानंतरच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फायली येतात, जातात. मी बांबू लावायला सांगत नाही, माझ्यात ती हिंमत नाही आणि वेळही नाही. साहेब दर गुरुवारी हिराबाईंच्या मळ्यावर भाजी घ्यायला जातात असं मला कळलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा माणूस मेथीच्या दोन जुड्यांसाठी एवढ्या लांब कशाला जातो, हे त्यांच्या पत्नीला कोडं होतं. मला नव्हतं.

हिराबाईंच्या शेजारची मोकळी झालेली जमीन त्या मृदू बोलणाऱ्या माणसाने घेतली होती. तिथे त्याचं रिसॉर्ट झालं. चांगलं चालतं. त्याच्या सगळ्या खोल्यांची तोंडं नदीकडे नाहीत, हिराबाईंच्या झाडांकडे आहेत, कारण आता नदीकाठी बघण्यासारखं तेवढंच उरलं आहे. त्याच्या जाहिरातीत पहिल्या पानावर तेच दोन आंबे, तीच जांभळं. पाहुणे सकाळी गच्चीवर चहा घेऊन उभे राहतात आणि त्यांचे फोटो काढतात. हिराबाईंचा थोरला मुलगा त्याच रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन आहे. धाकटा सुरगाण्याकडची जीप चालवतो. शेजारच्यांनी जमिनी विकून शहरात फ्लॅट घेतले, पोरांची लग्नं केली. हिराबाईंच्या जमिनीला गिऱ्हाईक नाही, कारण तिथे काही बांधताच येत नाही. मेथी मात्र अजून येते.

मागच्या वर्षी आराखड्याच्या फेरबदलाचं काम निघालं. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. हिराबाईंचा अर्ज आला: आमचा गट पट्ट्यातून वगळावा. अर्जदारातर्फे बाजू मांडणारे म्हणून खाली जी सही होती ती मी न वाचता ओळखली. हळू चालवलेल्या पेनाची नव्हती. घाईत केलेली होती.

आणि त्याच गटाबद्दल दुसरा अर्ज होता, रिसॉर्टच्या मालकाचा. पट्टा कोणत्याही परिस्थितीत कायम ठेवावा, नदीचं सौंदर्य हा सर्वांचा ठेवा आहे, वगैरे.

सुनावणीला समितीचे अध्यक्ष होते, बाहेरून आलेले, वयस्कर, सभ्य गृहस्थ. मी बाजूला फायली घेऊन. साहेब खूप दिवसांनी समोर आले. वाळले होते. हिराबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पायांत चपला होत्या, त्या त्यांना लागत असाव्यात. साहेबांनी त्यांना आधी बसवलं, मग स्वतः बसले.

मालक पहिल्यांदा बोलला. त्याने टिपणीची प्रत आणली होती. साहेबांची टिपणी. ती त्याने वाचून दाखवली, आणि हे कबूल करायला हवं की फार चांगली वाचली. "ही झाडी एकदा गेली की कोणताही आराखडा ती परत आणू शकणार नाही. ती ज्याच्या जमिनीत उभी आहे त्याची असेल, पण ज्यांच्या ज्यांच्या नजरेला पडते त्या साऱ्यांचीही आहे." मग साहेबांकडे वळून त्याने अदबीने विचारलं, "सर, हे तुमचंच आहे ना?"

"माझंच आहे."

"मग आज ते चूक वाटतं का?"

"नाही. बरोबर आहे." साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "साऱ्यांची आहे म्हटल्यावर साऱ्यांनी काहीतरी द्यायला हवं होतं. तेवढं लिहायचं राहिलं."

अध्यक्ष म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे, नेमकं?"

"दोन गोष्टी आहेत. एक तर ज्यांचा ह्या झाडांवर धंदा चालतो त्यांनी हिराबाईंना दर वर्षी त्यांचा वाटा द्यावा, असं आराखड्यात लिहा. नाहीतर त्यांची जमीन मोकळी करा."

मालक हसला नाही. शांतपणे म्हणाला, "सर, नजारा काही सातबाऱ्यावर लागत नाही." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तशी तरतूद नव्हती. आजही नाही.

"मग दुसरीच गोष्ट उरते," अध्यक्ष म्हणाले. ते हिराबाईंकडे वळले. "मावशी, जमीन मोकळी केली तर झाडं ठेवाल का?"

एक शब्द पुरला असता. ठेवीन म्हणाल्या असत्या तर निदान विचार झाला असता. कागदावर अट घालता आली असती, ती पाळली जाते की नाही कोण बघतो? मी साहेबांकडे पाहिलं. येताना त्यांनी हिराबाईंना काय सांगून आणलं असेल ते मला ठाऊक होतं. खरं बोला, एवढंच सांगितलं असणार.

"नाय ठेवता यायची," हिराबाई म्हणाल्या. "घेनारा म्हनतो आधी साफ करून द्या. पोरं तोडतील. मला तिथं उभं ऱ्हावनार नाय, पन मी नाय म्हननार नाय त्यांला. लय दिवस म्हनले."

अध्यक्षांनी पुढ्यातली टिपणी उचलली. मग साहेबांना म्हणाले, "तुम्ही हे ऐकलंत. झाडं जाणार हे तुम्हाला माहीत आहे. तरी तुमची मागणी तीच?"

"हो."

"ह्या टिपणीवर तुमची सही आहे."

"आहे," साहेब म्हणाले. "आणि त्या बांधावर बसून दिलेला शब्दही माझाच आहे. त्यावर सही नाही, म्हणून तो इथे कोणी वाचून दाखवत नाही."

ते रडतील की काय असं मला वाटलं. नाही रडले. पाणी मागितलं, हिराबाईंना दिलं, मग स्वतः प्यायले.

प्रत्येक प्रकरणावर कार्यालयाने आपला अभिप्राय द्यायचा असतो. तो मला लिहायचा होता. मी तो दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा तोच लिहिला. पट्टा कायम ठेवावा. संपूर्ण काठावर एवढाच आडोसा उरला आहे, तो गेला तर राखायला काही उरत नाही. मी साहेबांच्याच हाताखाली शिकले, त्यांनीच मला त्या काठावर बसवलं, आणि बसल्यावर मला जे दिसलं ते मी लिहिलं. आजही दुसरं लिहिता येणार नाही. हिराबाईंच्या मोबदल्यासाठी मी वेगळा प्रस्ताव जोडला. तो कुठे जातो ते मला माहीत आहे.

काही महिन्यांनी निर्णय आला. साहेब आणि हिराबाई एकत्रच आले, रिक्षाने. मी केबिनमधून उठून बाहेर व्हरांड्यात गेले, दोघं बाकावर बसले होते. निर्णयाची प्रत पुढे केली, पण हिराबाईंनी हात पुढे केला नाही.

"तोंडानं सांगा ना मॅडम काय झालं ते."

"पट्टा राहिला," मी म्हटलं. "झाडं तोडता येणार नाहीत."

त्यांनी मान हलवली. त्यांना आधीच माहीत होतं असं मला वाटलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. बाजारात शेवटची जुडी देऊन टाकताना असतो तसा आवाज होता.

"ऱ्हायली साहेब, तुमची झाडं."

"तुमची आहेत, हिराबाई."

"नाय. माझी असती तर मी न् पोरांनी काय ते ठरवलं असतं. तुमचीच हाईत. चांगली हाईत लय. सांभाळा आता."

त्यांनी पदर खोचला, आणि बस आहे म्हणाल्या. साहेब रिक्षाने सोडतो म्हणून उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बसा अशी खूण केली आणि जिना उतरून गेल्या.

साहेब बाकावर बसून राहिले. मी चहा मागवला. निर्णयाच्या प्रतीला माझा अभिप्राय जोडलेला होता, तो त्यांनी मांडीवर घेऊन सावकाश वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पूर्वी माझा मसुदा वाचताना ते पेन हातात ठेवत. त्या दिवशी हात रिकामा होता.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब."

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले आणि कागद नीट घडी करून मला परत दिले.

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण साहेबांना जिंकताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढं एकदा पाहिलं. तो चहा त्यांनी घेतला नाही, आणि मलाही घेववला नाही.